सोमवारचं गाठोडं

तर काल गोष्ट शर्टाच्या त्या बाहीपाशी येऊन थांबली होती. रविवारची दुपार, गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी, दोरीवर पोराचा करड्या रंगाचा शर्ट उलटा टांगलेला, आणि त्याच्याखाली रफूवाला मान वर करून उभा. इतका वेळ उभा, की रिकामी बादली घेऊन खाली निघालेली बायको जिन्यातून परत आली आणि म्हणाली, मान आखडली असेल तर तसं सांगा, तेल लावून देते.

मानेला काही झालं नव्हतं. बाहीतून ऊन आरपार येत होतं, आणि कोपराच्या जरा वर, जिथे बाकी कोणालाही सपाट करडं कापडच दिसलं असतं, तिथे त्याला वाटाण्याएवढा एक ठिपका दिसत होता. ठिपका म्हणजे काय, तर धागे आजूबाजूपेक्षा केसभर दाट. रफू होतं ते. आणि तेही परकं नव्हतं. आडव्या धाग्याचं शेवटचं टोक बाकी सगळे रफूवाले उजवीकडे नेतात, ते डावीकडे वळवून आत दडपायचं, ही खोड आख्ख्या शहरात एकाच माणसाला होती, आणि तो माणूस आत्ता दोरीखाली उभा होता.

म्हणजे हे भोक आपणच बुजवलं. आपल्याच दुकानात, आपल्याच हातांनी, ह्याच आठवड्यात. आणि शर्ट कोणाचा, हे आपल्याला कळलंसुद्धा नाही.

ज्यांना काल बसायला जमलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं, त्याशिवाय तो माणूस दोरीखालून का हलेना ते कळायचं नाही.

रफूवाल्याचं दुकान कॉलेजच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्या मधल्या जिन्याखाली. दुकान म्हणायचं म्हणून म्हणायचं. बाहेर यायचं तर आधी स्टूल बाहेर सरकवावं लागे, मग स्वतःला. उंच माणसाला आत उभं राहता आलं नसतं, पण रफूवाला मुळात उंच नव्हता आणि उभं राहायचं त्याला काही कामही नव्हतं. आत एक दिवा, एक भिंग, सुयांची डबी आणि पालथी घातलेली स्टीलची वाटी. ह्या वाटीवर तो भोक ताणून धरी. शर्ट असो, कोट असो, बाकीचा कपडा गुंडाळून बाजूला सारायचा आणि वाटीवर मावेल तेवढाच तुकडा भिंगाखाली घ्यायचा. मग त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीत शिंप्याने जे जास्तीचं कापड सोडलेलं असतं, तिथले धागे एकेक करून उपसायचे आणि त्यांनी भोक विणून काढायचं. आधी उभे, मग आडवे. बाहेरचा दोरा कितीही जुळता आणला तरी दोनचार धुण्यांत रंग बदलतो आणि चुगली करतो.

त्याचा उस्ताद त्याला बजावून गेला होता, भोक बघायचं, कपडा बघायचा नाही. कपडा बघितला की हा कोणाचा, कुठे फाटला, कसा फाटला, असल्या चौकशा डोक्यात शिरतात आणि हात हलतो. ही शिकवण रफूवाल्याने इतकी अंगात मुरवली, की गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं तरी त्याला ओळखू येत नसे. आपल्या मेहुण्याला एकदा त्याने अर्धा तास बाहेर ताटकळत ठेवलं. शेवटी मेहुण्याने कोटाची कड पुढे केली, तेव्हा हा म्हणतो कसा, अरे तुम्ही होय, बसा बसा. कोटाला बसायला सांगितलं की मला, असं मेहुणा अजून विचारतो.

आता सोमवारचं गाठोडं. कॉलेजच्या वसतिगृहातली पोरं शनिवारी संध्याकाळी मागच्या पाण्याच्या टाकीपाशी बसत. बसत म्हणजे पीत. आणि सोमवारी सकाळी त्यांच्यातला एक जण चादरीत बांधलेलं गाठोडं घेऊन जिन्याखाली हजर होई. ह्या पोराला सगळे टपाल म्हणत, कारण ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला पोचवणं हे सगळं त्याच्याकडे. गाठोड्यात जळक्या भोकांचे कपडे. कोणाचं नाव नाही, काही नाही, भोकाभोवती खडूने काढलेला एक गोल. आठवड्यात रफू व्हायचं, म्हणजे पुढच्या रविवारी शर्ट घरी नेला तरी आईला काही दिसायचं नाही. कोणता कोणाचा, हे रफूवाला विचारत नसे आणि टपाल सांगत नसे. वर्षानुवर्षं टपाल बदलत गेले, रीत तीच राहिली.

एरवीच्या दिवशी येणारी भोकं नाना तऱ्हेची असत. खिळ्याला अडकलेली, इस्त्रीने पोळलेली, उंदराने कुरतडलेली. सोमवारची सगळी एकाच जातीची. गोल, कडेने तपकिरी, आणि कपड्याला दोन वास एकमेकांत मिसळलेले, एक दारूचा, एक धुराचा. नुसत्या धुराच्या वासाचा शर्ट जळून आलाय असं फारसं घडत नसे. शुद्धीतला माणूस राख झटकतो. पण रफूवाल्याने ह्या गोष्टीचा फार विचार कधी केला नाही. भोक आलं, भोक गेलं. उलट आपल्या हातचं काम एकाही आईला सापडत नाही, याचं त्याला आतून थोडं बरंच वाटत असे.

त्याच्या पोराचं असं. लग्नानंतर कित्येक वर्षांनी झालेला, एकुलता एक, आणि जन्मापासून छातीचा कच्चा. हवा जरा बदलली की धाप लागायची. मांडीवर उभं धरून दोघा नवराबायकोंनी पाळीपाळीने त्याला वाढवला. मोठा झाला तसं दुखणं मागे पडलं, तरी खिशात श्वासाचा पंप असायचाच. हा पोरगा ह्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. दोन खोल्यांच्या घरात अभ्यास होत नाही म्हणून ह्या वर्षी वसतिगृहात राहायला गेला. दर रविवारी धुण्याचे कपडे घेऊन घरी येई, जेवे, झोपे आणि संध्याकाळी परत.

वर्षाच्या सुरुवातीलाच त्याने बापाला आपणहून सांगितलं होतं, शनिवारी पोरं बसतात, मीही ग्लासभर बिअर घेतो. पण सिगारेटला हात लावत नाही, छातीचं मला माहीत आहे. पोरगा तोंडावर खरं बोलतो याचं बापाला इतकं कौतुक वाटलं, की रागवायचं राहूनच गेलं. ठीक आहे म्हणाला, बिअर एक चालेल, सिगारेट कधीच नाही. बायकोलाही अभिमानाने सांगून आला, आपलं पोरगं लपवत नाही हो काही.

आता खरं म्हणजे जगात दुसऱ्या कोणी एक चालेल असं म्हटलं असतं तरी चाललं असतं, ह्या माणसाने बोलायला नको होतं. कारण तरुणपणी हा एका मोठ्या शिवणकारखान्यात कामाला होता आणि तिथली कारागीर मंडळी शनिवारी सुट्टी झाली की कारखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर बसत. मधोमध कापड बेतणारा कटर मास्तर. काय गप्पा, काय हसणं, कारखान्याच्या मालकाची चाल कशी, बोलणं कसं, याच्या नकला, पोट दुखेपर्यंत. डॉक्टरने खोकला ऐकून सिगारेट बंद करायला सांगितली, तेव्हा रफूवाल्याने सोमवारी सोडली. मंगळवारी सुटली, बुधवारी आठवणही नाही, शुक्रवारी तर तो दुसऱ्यांना उपदेश करू लागला. शनिवारी पेला हातात आला आणि दुसरा हात आपला आपण शेजाऱ्याच्या खिशाकडे गेला. दुसऱ्याकडून मागून ओढलेली हिशेबात धरायची नाही, असं मास्तर म्हणायचा, आणि सगळे तेच म्हणायचे. असं कितीतरी आठवडे चाललं. शेवटी पोरगा झाला, आणि रविवारी सकाळी बापाने जवळ घेतलं की पोराला खोकल्याची उबळ यायची. तेव्हा त्याने कानाला खडा लावला आणि पायऱ्यांवर बसणंच बंद केलं. पेला गेला तसा धूरही गेला, वेगळं काही करावंच लागलं नाही. मंडळींनी आधी टोमणे मारले, घरात परवानगी मिळत नाही वाटतं. मग बोलावणं बंद केलं. कटर मास्तर अजून कधी रस्त्यात दिसतो, मान हलवतो आणि पुढे जातो. त्या दिवसापासून रफूवाल्याचा शनिवार म्हणजे नुसती एक लांबलचक संध्याकाळ झाली.

एवढं भोगलेला माणूस पोराला म्हणाला, एक चालेल. आपलं पोरगं आपल्यासारखं नसेल, असं त्याला वाटलं. बापांना वाटतं तसं.

तर तो दोरीखाली उभा होता. बायकोने बादली खाली ठेवली, शर्टाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"दिसलं वाटतं शेवटी," ती म्हणाली.

तिला माहीत होतं. धुवायला शर्ट तिच्याच हातात येत होते ना. वास तिला केव्हाच आला होता, कित्येक रविवार. बोलली का नाहीस म्हटल्यावर ती म्हणाली, तुम्ही एवढे खूश होतात, पोरगं खरं बोलतं म्हणून. आणि पोरगं रविवारी दमून यायचं, जेवून झोपायचं, तेवढ्यात काय बोलायचं. मग बादली उचलता उचलता म्हणाली, "तुमचे डोळे सुईवर, माझे माणसावर. पण तोंड दोघांचंही शिवलेलं."

पोरगा खाली खोलीत झोपला होता. रफूवाला दारात जाऊन उभा राहिला. श्वास घेताना घशातून बारीक शिट्टी वाजत होती. उठवावं आणि विचारावं असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण आठवड्यातून एक दिवस पोरगं घरी झोपलंय, आज वाद झाला तर पुढच्या रविवारी येईल का, हाही विचार त्याच्यामागोमाग आला, आणि तो पाय न वाजवता मागे फिरला. संध्याकाळी पोराने वाळलेला शर्ट घडी करून पिशवीत टाकला. बाप म्हणाला, सांभाळून जा.

सोमवारी टपाल गाठोडं घेऊन आला. रफूवाल्याने गाठ सोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघितलं. चांगला गोरागोमटा, हसरा पोरगा होता, मिशी फुटू की नको अशा विचारात असलेली.

"काय रे, इतकी पोरं ओढतात?"

"नाही हो काका. रोज ओढणारे दोघंतिघंच. बाकी कोणी आठवडाभर शिवतही नाही."

"मग ही एवढी भोकं?"

"ते शनिवारचं हो. बाटली उघडली की सगळेच ओढतात. ज्याच्याकडे पाकीट त्याच्याभोवती गर्दी. एकाने पेटवली की दुसऱ्याला पाहिजे, हातात ग्लास असतो, बोलताना हात उडतात, मग लागते कोणाच्या तरी बाहीला. सकाळी विचारा, सगळे म्हणणार आम्ही कुठे ओढतो." टपालाला आपल्याच बोलण्याचं हसू येत होतं. "आमच्यात एक पंप म्हणून आहे. छातीचा पेशंट. बिअर घ्यायची, वर सिगारेट घ्यायची आणि वर पंप घ्यायचा. तिन्ही एकाच हाताने. मागच्या शनिवारी तर आम्ही घाबरलो, निळाच पडायला लागला. मग पाच मिनिटांनी ठीक, परत मागतोय."

रफूवाल्याच्या बोटांतला धागा तुटला. त्याने तो उचलला, बघितला, परत ठेवला.

"घरी माहीत आहे का त्याच्या?"

"काय माहीत. घरचं फार बोलत नाही तो. वडील कापडाच्या धंद्यात आहेत म्हणे."

खोटं नव्हतं ते. रफूवाल्याने एवढंच म्हटलं, शुक्रवारी घेऊन जा. टपाल गेल्यावर तो बराच वेळ पालथ्या वाटीवर हात ठेवून बसला. पोराने आपल्याला मित्रांपासून लपवलं याचं वाईट वाटायला हवं होतं, पण तिथपर्यंत मन पोचलंच नाही. निळाच पडायला लागला, तिथेच ते अडकलं होतं.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर त्याने पोराला गच्चीवर नेलं. दोन जिने चढायचे, पण पोरगा मधल्या वळणावर थांबला, बुटाची नाडी बांधतो असं दाखवून. चपला घातल्या होत्या त्याने. बाप पुढे चढत राहिला. वर गेल्यावर शर्टाची गोष्ट सांगितली, तोच शर्ट धुण्याला परत आला होता, त्याची बाही दाखवली. पोराला भोक होतं कुठे तेच दिसेना. त्याने बोट फिरवलं, उलटं करून बघितलं, आणि त्याही परिस्थितीत तोंडून निघून गेलं, काय काम आहे बाबा. मग त्याने बाही सोडली.

"मी ओढत नाही, बाबा," पोरगा शेवटी म्हणाला. "ती फक्त पिताना असते. ती मी धरत नाही."

पायऱ्यांवरचा कटर मास्तर येऊन समोर बसावा तसं झालं रफूवाल्याला. तोच हिशेब, तेच शब्द, मधे एक पिढी गेली तरी. त्याच क्षणी त्याने सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण पोराने त्याच्या आधी शब्द दिला, आईची शपथ घेतली, बिअर राहू दे बाबा, तेवढ्यासाठी मित्र कुठे सोडू, सिगारेटला मात्र आजपासून हात नाही. आणि बाप पुन्हा तेच बोलला, बरं. दमलेल्या माणसाला बरं म्हणायला फार लवकर जमतं. खाली आल्यावर बायकोने विचारलं, काय झालं. सोडतो म्हणाला, हा म्हणाला. दोन्ही? तिने विचारलं. त्यावर याने पाण्याचा तांब्या शोधायला घेतला.

पुढचे काही सोमवार असे गेले की काय सांगावं. गाठोडं आलं की रफूवाल्याने आधी कॉलर बघायच्या, मग बटणं, मग खिसा, हा आपल्या पोराचा नाही ना याची खात्री करून घ्यायची, मग भोकाकडे वळायचं. उस्तादाने सांगितलं होतं तेच खरं झालं, हात हलायला लागला. एका वकिलाच्या कोटाचं रफू इतकं वाकडं आलं की ते उसवून परत विणावं लागलं. संध्याकाळी तर सुईत दोरा जाईना. चष्मेवाला बाहेर उभा राहून बघत होता. म्हणाला, अहो, नंबर वाढलाय तुमचा, या आत, तपासून देतो. रफूवाला म्हणाला, डोळ्याचं नाही ते. त्यानंतर चष्मेवालाच रोज दिवेलागणीला येऊन चारपाच सुया ओवून देऊ लागला आणि दर सुईमागे एक विनोद ऐकवू लागला, आणि विनोद असे की रफूवाल्याला वाटे, त्यापेक्षा अंदाजाने ओवलेली बरी.

पोरगा रविवारी येत होता. शर्ट धड होते, वासही नव्हता, कारण आता तो कपडे वसतिगृहातच धुऊन आणी. बायकोने ते दुमडलेले कपडे हातात घेतले, नाकाशी नेले, साबणाचा वास आला, आणि हे धुणं कशासाठी चाललंय ते तिला कळलं. पोराने पहिल्यांदाच कपडे धुतले याचा आईला आनंद व्हायला हवा होता, तर हिच्या डोळ्यांत पाणी.

आणि मग एका सोमवारी टपाल सकाळी न येता संध्याकाळी, तोही रिकाम्या हाताने आला. जिन्याला टेकून उभा राहिला. काका, ह्या वेळी एकच आहे, म्हणाला, आणि तो स्वतः घेऊन येतोय. मी सांगितलं त्याला, दे इकडे, तर ऐकेना.

पोरगा गल्लीच्या टोकाकडून आला. झेरॉक्सच्या दुकानापाशी थांबला, भिंतीला हात लावला, खिशातून पंप काढून तोंडाला लावला, छाती वर झाली, खाली झाली. मग पुढे आला. हातात घडी केलेला निळा शर्ट. टपालासमोर, चष्मेवाल्यासमोर, झेरॉक्सच्या रांगेत उभ्या असलेल्या चारदोन पोरींसमोर तो म्हणाला, "बाबा, हा माझा आहे."

टपालाचं तोंड उघडंच राहिलं. एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघून झालं. "काका," तो हळूच म्हणाला, "म्हणजे पंप तुमचा?"

"माझाच," रफूवाला म्हणाला. "घडवायला फार वेळ लागला होता."

टपाल हसला, मग हसावं की नाही ते त्याला कळेना, मग त्याने दोन्ही हातांनी कान पकडले आणि सटकला. रफूवाल्याने स्टूल बाहेर सरकवलं, पोराला बसायला दिलं, आपण उंबऱ्यावर बसला. पोरगा बोलत होता, मधे मधे श्वास घ्यायला थांबत होता. दोन शनिवार त्याने खरंच ओढली नव्हती, म्हणजे पहिला ग्लास होईपर्यंत. तिसऱ्या शनिवारी पाकीट ठेवणाऱ्यालाच सांगून ठेवलं, मी मागितली तरी देऊ नकोस. दुसऱ्या ग्लासानंतर ह्यानेच त्याच्याशी भांडण काढलं आणि हिसकावून घेतली. काल सकाळी उठलो तर, तो म्हणाला, बाहीला भोक, आणि कधी पडलं ते आठवत नाही. धुऊन पिशवीत टाकणार होतो, बाबा, दुसऱ्या कोणाकडून तरी शिवून घेणार होतो. मग वाटलं, तुम्हाला ते दिसणारच.

तेव्हा रफूवाल्याने त्याला पायऱ्यांची गोष्ट सांगितली. सगळी. सोमवारी सोडलेली, शुक्रवारचा उपदेश, शनिवारचा हात. कटर मास्तरच्या नकला करून दाखवल्या, मालकाच्या चालीची नक्कल तर बसल्या बसल्याच, आणि पोरगा इतका हसला की पुन्हा पंप काढावा लागला. मग बापाने ती मंडळी कशी तुटली तेही सांगितलं, काही न लपवता. सिगारेट सोडणं सोपं होतं म्हणाला, पायऱ्या सोडणं जड गेलं, अजून जातं. तुला मी एक चालेल म्हणालो, कारण तुझ्या वाटणीला ती रिकामी संध्याकाळ येऊ नये असं मला वाटलं. चुकलं माझं.

गल्लीत दिवे लागायला सुरुवात झाली होती. चष्मेवाला रोजच्यासारखा सुया ओवायला म्हणून बाहेर आला, बापलेकाला बघितलं आणि आत गेला, विनोद न करता. रफूवाल्याने शर्ट उलगडला, भोक वाटीवर ताणलं. मोठं होतं, कड जळून कडक झालेली. त्याने सवयीने शिवण उलटी करून आतलं कापड चाचपलं, तिथला एक धागा उपसला, सुई घेतली, आणि हात दिव्याकडे नेऊन नेम धरू लागला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. पोराने सुई त्याच्या बोटांतून काढून घेतली, एका झटक्यात ओवली आणि परत दिली. मग भोकाकडे बघत विचारलं, "होईल ना हे नीट?"

रफूवाल्याने धाग्याचं टोक दोन बोटांत चुरगळलं, पोराच्या श्वासाची ती बारीक शिट्टी ऐकली, आणि मान खालीच ठेवून म्हणाला,

"शर्टाचं होईल रे. शर्टाला शिवणीत जास्तीचं कापड सोडलेलं असतं, तिथलं काढून इथे भरता येतं. छातीत तसं काही सोडलेलं नसतं. तू असं कर, शनिवारी संध्याकाळी इथे येऊन बसत जा. दुसरं काही काम नाही. मला तेवढ्या सुया ओवून दे, आणि त्या चष्मेवाल्यापासून सोडव."